दारातला आइस्क्रीमचा फ्रीजर



रंगपंचमी झाली की आपल्या कोल्हापुरात दुपारचे रस्ते सामसूम होतात आणि रात्री जेवणं उरकल्यावर आइस्क्रीमच्या दुकानांपुढे हीऽ गर्दी! फळं आणि सुका मेवा घातलेलं ‘कॉकटेल’ तर इथल्या माणसांच्या जिव्हाळ्याचा विषय. मग पुढच्या खोलीत लहानसं दुकान चालवणाऱ्या किंवा बचत गटातून काही करू पाहणाऱ्या बाईच्या मनात येतंच, ‘आपणही दारात एक फ्रीजर ठेवला तर?’

विचार चांगला आहे. शाळा सुटल्यावर गल्लीतली पोरं येतील, चैत्रात जोतिबाची यात्रा आली की आणखी चार गिऱ्हाइकं वाढतील. पण एक लक्षात घ्या. या फ्रीजरमध्ये तुमची अनामत रक्कम, महिन्याचं विजेचं बिल आणि दुसऱ्यांच्या लेकरांचं पोट अशा तीन गोष्टी अडकलेल्या असतात. तेव्हा तो कसा बसवायचा आणि कसा सांभाळायचा, ते आधी नीट समजून घेऊ या.

थंड करणं वेगळं, थंड राखणं वेगळं

पूर्वी घरोघरी लाकडी पॉटचं आइस्क्रीम व्हायचं. बाहेर बर्फ आणि खडेमीठ, आत आटवलेलं दूध, आणि दांडा फिरवायला घरातली सगळी पोरं. तयार झालं की लगेच फस्त. पॉटचं काम थंड करण्याचं. दुकानातल्या फ्रीजरचं काम निराळं. कारखान्यात आधीच घट्ट गोठवलेला माल तो आहे तसा राखतो. म्हणून त्यात कोमट दुधाचं पातेलं गोठायला ठेवू नये. त्या पातेल्याची ऊब शेजारचे कप घेतात आणि मऊ पडतात.

फ्रीजरच्या आत वजा १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान हवं. आइस्क्रीममध्ये साखर असते, त्यामुळे त्यातलं सगळंच पाणी कधी गोठत नाही. तापमान थोडं चढलं तरी बर्फाचे बारीक कण वितळतात आणि परत थंडी मिळाली की त्यांचे मोठाले खडे होतात. असं आइस्क्रीम जिभेला कचकच लागतं. त्यात फेटलेली हवा निघून जाते आणि कप अर्धा रिकामा दिसतो. बरं, प्रश्न नुसत्या चवीचा नाही. शेवटी ते दूधच. वितळून ऊब मिळाली की त्यात जंतू वाढतात आणि पुन्हा गोठवल्याने ते मरत नाहीत. नुसते झोपतात म्हणा!

सही करण्यापूर्वी

फ्रीजर दोन तऱ्हांनी मिळतो. एक, आपण विकत घ्यायचा. दुसरा, आइस्क्रीमची कंपनी किंवा तिचा वितरक अनामत घेऊन देतो. दुसऱ्या तऱ्हेत सुरुवातीचा खर्च कमी, पण त्यात बहुधा दुसऱ्या कंपनीचा माल ठेवता येत नाही. अनामत परत कधी मिळणार, कॉम्प्रेसर गेला तर खर्च कुणाचा, बिघाडाने वितळलेल्या मालाचं काय, उन्हाळ्याच्या भरात मिस्त्री किती दिवसांत येणार, हे सगळं कागदावर लिहून घ्या. “ताई, तुम्ही काळजीच करू नका,” एवढ्या तोंडी शब्दावर सही करायची नाही.

स्वतःचा घेत असाल तर विजेचं लेबल वाचा. डीप फ्रीजरसाठीही २०२० साली स्टार लेबल सुरू झालं. लेबलवर चोवीस तासांचा खप तीन युनिट लिहिला असेल, तर महिन्याला नव्वद युनिट धरा आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. काचेच्या झाकणाच्या फ्रीजरमध्ये माल दिसतो म्हणून विक्री होते. पत्र्याच्या झाकणाचा थंडी अधिक धरतो. घरगुती मीटरवर तो चालवता येईल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणीही हवीच.

जागा आणि जोडणी

फ्रीजर आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. ही उष्णता जायला वाट नसेल तर धुराडं बुजलेल्या चुलीसारखी त्याची गत होते. यंत्र रात्रंदिवस धापा टाकतं, बिल फुगतं आणि माल मात्र मऊच. म्हणून मागे आणि बाजूंना चांगली वीतभर जागा मोकळी ठेवा. काही फ्रीजरच्या बाहेरच्या पत्र्यामागेच गरम नळ्या असतात. त्यांचा पत्रा हाताला कोमट लागतो, तो बिघाड नव्हे. मात्र त्याला टेकून पोती, खोकी रचू नका. ऊन अंगावर येईल अशा पश्चिमेच्या दारात किंवा भज्यांच्या कढईशेजारी फ्रीजर ठेवणं म्हणजे जावा-जावांना एका चुलीवर बसवणं.

जमीन सपाट हवी. फ्रीजर डुगडुगता कामा नये. भिंतीत स्वतंत्र सोळा अँपियरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी आणि खरं अर्थिंग हवं. ‘खरं’ म्हणते, कारण तीन पिनांचा प्लग दिसला की अर्थिंग आहे असं आपण धरून चालतो. वायरमनकडून तपासून घ्या आणि करंट गळला की वीज तोडणारा ईएलसीबी बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर हे यंत्र कधीही चालवू नका. फ्रीजरला हात लावल्यावर बारीकशी चुरचुर जाणवली, तर खाली लाकडी पाट टाकून भागवू नका. तिथल्या तिथे वीज बंद करा. ओल्या पायांनी, अनवाणी येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा लहान मूल असतं.

दाब खाली-वर होत असेल तर पुस्तिकेत सांगितलेला स्टॅबिलायझर लावा. तो वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून जोडणी देणारा असावा. वीज गेली आणि क्षणात आली की कॉम्प्रेसरवर फार ताण पडतो. या थांब्यात तो सावरतो.

पहिला दिवस

टेम्पोतून उतरवला आणि लगेच चालू केला, असं नको. उभा आणला असेल तर काही तास स्वस्थ राहू द्या. आडवा करून आणला असेल तर पूर्ण एक दिवस. कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसायला हा वेळ लागतो. मग आतून पुसून, रिकामाच रात्रभर चालवा. आत थर्मामीटर ठेवून वजा १८ दिसलं की मगच माल भरा. बटणावरचे एक ते सात हे आकडे अंश नव्हेत, बरं का! आकडा वाढला की थंडी वाढते, एवढाच त्यांचा अर्थ. थर्मामीटर पाऱ्याचा नको. फुटला तर सगळा माल वाया.

माल उतरवून घेताना तोंडदेखलं मोजू नका. कप खाली बसलेले, कँडी वाकडी झालेली, वेष्टन चिकट, आत बर्फाचा चुरा, अशी खोकी तिथूनच परत करा. आत भरताना कडेला असलेल्या रेघेच्या वर रचू नका. त्या रेघेच्या वर थंडी पुरत नाही. आधी आलेलं वर, नवं खाली, म्हणजे जुनं आधी विकलं जातं.

आणि एक प्रेमाची ताकीद. पाहुणे आले म्हणून मटणाची पिशवी ‘जरा रात्रीपुरती’ आत ठेवायची नाही. आइस्क्रीममधला स्निग्धांश वास चटकन ओढून घेतो आणि कच्च्या मांसाचं पाणी मुलांच्या खाण्याशेजारी असणं धोक्याचंच. तांबडा-पांढऱ्याची जागा स्वयंपाकघरात!

बर्फाचा थर आणि सुरी

झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि भिंतींवर बर्फ होऊन बसते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हा थर बघता बघता वाढतो. पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या साधारण निम्म्या जाडीचा झाला की तो काढावा. थर हे पांघरुणासारखं काम करतं. भिंतीतली थंडी मालापर्यंत पोचू देत नाही.

इथे सगळ्यांत महागडी चूक होते ती सुरीची. कुणी सुरी घेतं, कुणी स्क्रूड्रायव्हर, आणि बर्फ खरवडायला लागतं. थंडीच्या नळ्या त्या पातळ भिंतीच्या लगेच मागे असतात. एक भोक पडलं की गॅस गेला आणि पुष्कळदा फ्रीजरच गेला. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजरमध्ये आर-२९० नावाचा गॅस असतो. ओझोनला तो अपाय करत नाही, पण तो पेट घेतो. पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र दिसलं तर समजा, पेट घेणारा गॅस आहे. गळतीची शंका आली तर काडी ओढू नका, दारं-खिडक्या उघडा, यंत्राच्या बटणांना हात लावू नका आणि जाणत्या मिस्त्रीलाच बोलवा.

रीत अशी. माल कमी असेल असा दिवस निवडा आणि उरलेला दुसऱ्या फ्रीजरमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत हलवा. प्लग काढा, तळाचं पाणी जायचं बूच उघडा, झाकण उघडं टाका आणि बर्फ आपोआप सुटू द्या. फार तर प्लास्टिकचा उलथना हळुवार चालवा. उकळतं पाणी ओतू नका. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून आतून पुसा, साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा. फिनेल नको, त्याचा वास महिनाभर जात नाही. वजा १८ आल्यावरच माल परत भरा.

जाळी आणि पंखा बाहेर असलेल्या फ्रीजरची धूळ महिन्यातून एकदा, प्लग काढून, मऊ ब्रशने झाडा. रस्त्याला लागून दुकान असेल तर पंधरवड्याने. पत्र्याच्या झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी धरून झाकण लावा. पट्टी अलगद निघून आली तर तिथून थंडी गळते, रबर बदला.

वीज गेली तर

पहिला नियम, झाकण उघडायचं नाही. ‘बघू तरी’ म्हणून उघडलं की थंडी गेलीच. काचेवर जाड गोधडी पसरा आणि वीज आली की काढून घ्या. किती तास धरेल हे माल किती भरला आहे त्यावर ठरतं. भरलेला फ्रीजर अर्ध्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. ओघळलेला माल टाकूनच द्यायचा. जीव तुटतो, पण पर्याय नाही.

तुम्ही घरी नसताना काय झालं हे कळायला झाकणाच्या डबीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं. पण नाणं वरच आहे म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नव्हे. बर्फ शून्य अंशाला वितळतो. आइस्क्रीम त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. खरा भरवसा थर्मामीटरचाच.

पंचगंगेचं पाणी

नदीकाठच्या पेठांतल्या बायकांना हे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. तुमच्या गल्लीत पाणी येत असेल तर ३९ फुटांची बातमी कानावर पडताच माल संपवायला किंवा हलवायला लागा. उद्यमनगरातून एक मजबूत लोखंडी स्टँड करून घेतला तर थोड्या पाण्याला तो पुरतो. पाणी शिरलेला फ्रीजर वरून कोरडा दिसला तरी मिस्त्रीने उघडून तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही आणि आतला सीलबंद मालसुद्धा विकायचा नाही.

फ्रीजर निकामी होऊन अडगळीत गेला, तर त्याचं झाकण काढून ठेवा. लपंडावात मूल आत शिरलं आणि झाकण पडलं तर आतून उघडत नाही.

शेवटी एक वही करा. सकाळी दुकान उघडताना आणि रात्री बंद करताना थर्मामीटरचा आकडा तारखेसह लिहायचा. वजा १८ चं वजा १४ व्हायला लागलं की बिघाड माल वितळण्याआधी कळतो, आणि मिस्त्रीपुढे किंवा कंपनीच्या माणसापुढे तुमच्या बोलण्याला वजन येतं. दहा रुपयांची नोट मुठीत घट्ट धरून आलेलं पोर कप उघडून बघतं, त्याला वही-थर्मामीटर काही ठाऊक नसतं. त्याला फक्त एवढंच माहीत असतं की काकूंकडचं आइस्क्रीम चांगलं असतं.