ओलीचा पंचनामा

महापुरानंतर घराचा पंचनामा होतो तेव्हा एकच प्रश्न विचारला जातो: किती पडलं? 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी कोकणातल्या चिपळुणात शिरलं. पुढच्या महिन्यात राज्य सरकारने घरांच्या मदतीचे दर वाढवले. घर पूर्ण उद्ध्वस्त असेल तर दीड लाख. निम्मं पडलं असेल तर 50 हजार, पाव पडलं असेल तर 25 हजार. पडझड किमान 15 टक्के असेल तर 15 हजार. आधीच्या दरांपेक्षा हे बरे होते, ते नाकारायचं कारण नाही. पण रात्रभर छातीएवढ्या पाण्यात उभी राहिलेली आणि तरीही न पडलेली भिंत या तक्त्यात कुठे बसते? कुठेच नाही. तिची पडझड शून्य टक्के. त्या घराला कपड्या-भांड्यांचे 10 हजार मिळाले आणि फाइल मिटली.

त्या भिंतीचं दुखणं तर फाइल मिटल्यावर सुरू होतं. वीट पाणी पिते, जांभा पितो, गिलावा ते धरून ठेवतो. भिंत सुकायला किती वेळ लागतो याचा बांधकामातला एक ढोबळ हिशेब आहे: इंचाला महिना. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी सुकली तरी साडेचार महिने हवेत, तेही हवा कोरडी असेल तर. कोकणात श्रावणात हवाच पाण्याने भरलेली असते आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पाऊस चालूच असतो. खिडक्या उघडून पंखे लावले तरी ओल जाणार कुठे?

त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होते. म्हणजे पुरानंतर पन्नासाव्या दिवशी. घराघरांतून गाळ उपसला गेला, भिंती धुतल्या गेल्या, वरून पुट्टी आणि रंग चढला. त्या माणसांना कुणी दोष देऊ नये. चिखलाच्या डागांच्या भिंतीपुढे बाप्पाला बसवायला कुणाचं मन धजावेल? पण ओल्या भिंतीला पुट्टी आणि ऑइलपेंट लावला की आतल्या पाण्याची वाट बंद होते. मग थंडीत गिलावा फुगतो, पोपडे निघतात, लोणा धरतो. कपाटामागे बुरशी येते आणि घरातल्या दमेकऱ्याला आधी कळते. भिंतीतल्या वायरिंगच्या नळ्यांत गाळ-पाणी राहिलं असेल तर स्विचला हात लावायची भीती वाटते. यातलं काहीही ऑगस्टच्या पंचनाम्यात डोळ्यांना दिसत नव्हतं. दिसलं तेव्हा पाहायला कुणी आलं नाही.

पुरात भिजलेली घरं सुकवून देणं हा ब्रिटन-अमेरिकेत रीतसर धंदा आहे. तिथली माणसं आधी मोजतात. तळहातात मावणाऱ्या मीटरच्या दोन सुया भिंतीत टेकवायच्या आणि आकडा लिहून घ्यायचा. पुराच्या पाण्यात गटाराचंही पाणी असतं, म्हणून भिजलेला गिलावा गरज असेल तिथे पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत खरवडून काढायचा आणि भिंत निर्जंतुक करायची. मग खिडक्या उघडायच्या नाहीत, बंद करायच्या. आत हवेतलं पाणी ओढणारी यंत्रं आणि भिंतीकडे तोंड केलेले पंखे चालवायचे. रोज पुन्हा आकडा घ्यायचा. भिंत सुकली हे नजरेने ठरत नाही. त्याच घरातल्या, पाणी न पोहोचलेल्या भिंतीचा आकडा घेतात आणि भिजलेली भिंत त्याच्या जवळ आली की थांबतात. ब्रिटनमध्ये मग मालकाच्या हातात भिंत सुकल्याचा दाखला देतात. रंगारी त्यानंतर.

चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापुरातल्या हजारो घरांत अशी यंत्रं लावणं परवडणार नाही, हे मान्य. पण मोजायला काय अडचण आहे? साधं मीटर काही हजारांत येतं. भिंतीतल्या क्षारांमुळे त्याचा आकडा फसवू शकतो, म्हणून वरच्या मजल्यावरच्या कोरड्या भिंतीशी ताडून पाहायचं. हे शिकायला एक दुपार पुरेल. तलाठ्याच्या किंवा नगरपालिकेच्या पथकाकडे टेप असतो, मोबाइल असतो. त्यांच्याबरोबर हे मीटर का नसावं?

एकच मागणी आहे. 15 टक्क्यांच्या त्या ओळीखाली आणखी एक ओळ हवी: भिंत उभी, पण ओली. त्या घरांचा दुसरा पंचनामा पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर व्हावा. भिंतीचा आकडा अजून चढा असेल तर गिलावा काढून नवा करण्याचा आणि वायरिंग तपासण्याचा खर्च मदतीत धरावा. आणि पूर ओसरल्याच्या आठवड्यातच नगरपालिकेने गल्लोगल्ली रिक्षा फिरवून एवढं तरी सांगावं: गणपतीला भिंतीवर चुन्याचा हात मारा, पुट्टी आणि ऑइलपेंट उन्हाळ्यापर्यंत लावू नका.