दुरुस्ती घराची, सही कोणाची?



गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीत दुरुस्ती निघाली की आधी टेकू लागतात. मग सामायिक संडास बंद होतात, नळाची वेळ बदलते, भांड्याकुंड्यांवर सिमेंटची धूळ बसते. मालक भाडेकरूंची बैठक बोलावतो. बैठकीत बहुतेक पुरुष असतात, कारण भाडेपावती त्यांच्या नावावर असते. त्याच धुळीत डबे करणारी, आजारी सासूला वरच्या मजल्यावरच्या संडासात नेणारी बाई दारात उभी राहून ऐकते. 'आमचे भाडेकरू समाधानी आहेत,' असं मालक मग सांगतो.

कायद्यात तरतुदी आहेत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करण्याचा हुकूम देताना, भाडेकरूला परत यायचं आहे का, हे न्यायालयाने विचारून नोंदवायचं असतं. पण विचारणार कोणाला? ज्याच्या नावावर पावती, त्याला.

खरा धोका इथेच आहे. आमच्याकडे आलेल्या एका बाईला नवऱ्याने 'काम होईपर्यंत माहेरी राहा' म्हणून पाठवलं. पर्यायी जागेचं भाडं मालकाकडून तो घेत राहिला. काम संपलं, दाराला नवं कुलूप लागलं, किल्ली तिला मिळाली नाही. तिला घराबाहेर काढलं, असं कोणी मानेना. ती तर दुरुस्तीसाठी गेली होती! २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा भाड्याच्या घरातही बाईचा राहण्याचा हक्क मानतो, पावती कोणाच्याही नावावर असो. त्याच आधारावर आम्ही अर्ज केला. पण ती तिथे राहत होती हे दाखवणारे कागद जमवण्यातच कितीतरी दिवस गेले.

म्हणून दुरुस्तीची नोटीस लागताच बायकांनी बैठकीत जाऊन बसलं पाहिजे. काम कधी संपणार, परत कधी यायचं, तोवर पाणी आणि संडासाची सोय काय, हे लेखी मागितलं पाहिजे. करारात घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं नाव हवं आणि पर्यायी भाडं नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यावर यायला हवं. घर सोडण्याआधी रेशनकार्ड, वीजबिल आणि भाडेपावतीची प्रत स्वतःजवळ ठेवा.

बाईला विचारल्याशिवाय भाडेकरूंचं समाधान झालं, असं म्हणता येणार नाही. आपापल्या गटात यावर जरूर बोला आणि तुमचे अनुभव आम्हाला कळवा.