चार बोटे बर्फ

आमच्या सोनगीरला बर्फ पडत नाही. थंडी मात्र कडाक्याची पडते. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या आमच्या थांब्यावर पहाटेपासून शेकोट्या पेटतात. बर्फ आम्हाला माहीत तो दोनच ठिकाणचा. एक गोळेवाल्याच्या गाडीवरचा आणि दुसरा गारपिटीतला. त्यामुळे बर्फ पडला म्हणून एखाद्या शहराच्या बसगाड्या बंद पडतात, हे आम्हाला एका फोनमुळे कळले.

आमची एक भाची लंडनला परिचारिका होती. 2009 सालच्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. "मामा, जयभीम! आज सगळ्या लंडनमध्ये एकही बस नाही. रात्रपाळी करून चालत घरी आले, अडीच तास लागले." आम्ही विचारले, "संप आहे का?" म्हणाली, "नाही, बर्फ पडलाय." शेजारी बसलेली आमची माय आपल्या अहिराणीत म्हणाली, "बरफ पडना म्हनीसन गाड्या बंद?" आम्ही सगळे हसलो. ज्या लंडनमध्ये बाबासाहेब शिकले, ज्या लंडनने जगाच्या मोठ्या भागावर राज्य केले, ते शहर बर्फाने बसावे!

नंतर चौकशी केली, वाचले, आणि हसल्याचा पश्चात्ताप झाला.

1 फेब्रुवारीच्या रात्री तिथे कुठे चार बोटे, कुठे त्याहून जास्त बर्फ साचला. त्या भागात अठरा वर्षांत एवढा पडला नव्हता. मॉस्कोच्या माणसाला मात्र त्याचे काहीच वाटले नसते. पण लंडनच्या सगळ्या बसगाड्या आगारात परत बोलावल्या गेल्या. भुयारी रेल्वेही अडखळली, कारण ती नावालाच भुयारी. तिचा निम्म्याहून अधिक मार्ग जमिनीवरून जातो. दक्षिणेकडच्या आगगाड्यांना तर वीज डोक्यावरच्या तारेतून नाही, जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून मिळते. त्या रुळावर बर्फाचा पातळ पापुद्रा बसला की वीज गाडीपर्यंत पोचत नाही. 1991 साली तर भुकटीसारखा कोरडा बर्फ इंजिनांच्या मोटारींत शिरून गाड्या बंद पडल्या होत्या. तेव्हा रेल्वेने "बर्फाची जात चुकीची" असल्याचे कारण दिले म्हणून वर्तमानपत्रांनी तिची टिंगल केली. ती थट्टा तिकडे अजून चालते.

बर्फावर उपाय काय? मीठ! कुल्फीवाला हंड्यातल्या बर्फात मीठ का टाकतो, ते आठवा. मिठाने बर्फ वितळतो आणि मिठाचे पाणी शून्य अंशालाही गोठत नाही. तेच मीठ तिकडे गाड्यांनी रस्त्यावर पसरतात. पण ते बर्फ साचण्याआधी पसरावे लागते. शिवाय वर्षातून दोन-चार दिवस पडणाऱ्या बर्फासाठी शेकडो गाड्या आणि माणसे बारा महिने पोसायची कोणी? मोठे रस्ते आधी साफ होतात. आगाराबाहेरच्या, चढाच्या, गल्लीबोळांच्या रस्त्यांची पाळी शेवटी येते. बस तर तिथूनच निघते.

म्हणजे प्रश्न अकलेचा नाही, सवयीचा आहे. जे रोजचे, त्याचीच तयारी प्रत्येक गाव ठेवते. आम्ही खानदेशी माणसे उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशांतही कामाला जातो. त्याच लंडनमध्ये 19 जुलै 2022 रोजी पारा चाळीसच्या वर गेला, तेव्हा रूळ वाकतील या भीतीने गाड्या संथ कराव्या लागल्या, काही बंद ठेवाव्या लागल्या. आणि पावसाची सवय असलेली आपली मुंबई? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. लाखो माणसे कमरेभर पाण्यातून घरी चालत गेली. सवयीबाहेरचे आले की प्रत्येक शहर लंगडते. तेव्हा कुणी कुणाला हसू नये.

पण भाचीने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती आम्ही विसरलो नाही. त्या दिवशी लंडनमधले कितीतरी कार्यालयीन लोक घरी बसले, मुले बागेत बर्फाचे गोळे फेकत खेळली. पण तिच्या रुग्णालयात फरशी पुसणारी एक बाई होती. ती पहाटेच्या बसने येई, कारण पहाटेची बस म्हणजे झाडूवाल्यांची, स्वयंपाकघरातल्यांची, पहारेकऱ्यांची बस. बस नाही म्हणून ती काळोखात चालत निघाली. दोन तास उशिरा पोचली. कंत्राटदाराने तिची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.

बंधुभगिनींनो, आम्ही हसलो तेव्हा ही बाई आमच्या डोळ्यांपुढे नव्हती. बर्फ सगळ्यांवर सारखाच पडतो, पण खाडा सगळ्यांचा सारखा होत नाही. ज्याच्या दारात मोटार आहे त्याची फार तर गैरसोय होते. ज्याचे पोट सरकारी बसवर आहे त्याची चूल अडते.

हे लंडनचेच आहे असे समजू नका. सोनगीरहून धुळे वीसेक किलोमीटर. सकाळची एसटी आली नाही तर दुकानदाराचा मुलगा मोटारसायकलला किक मारून निघून जातो. धुणीभांडी करणारी, बाजार समितीत हमाली करणारा आणि बारावीचा पेपर असलेली मुलगी थांब्यावर उभी राहतात. ओढ्याला पूर यावा, टायर फुटावा, एवढेही कारण पुरते.

तेव्हा मीठ आधीच पसरून ठेवू या. आमच्या वस्तीत आम्ही एक साधी गोष्ट केली आहे. परीक्षेच्या दिवसांत कोणाची मुले कोणत्या गाडीने जाणार, याची यादी आदल्या रात्रीच होते. गाडी चुकलीच तर कोणाची मोटारसायकल, कोणाची रिक्षा निघायची, हेही ठरलेले असते. पेट्रोलचे पैसे वर्गणीतून जातात. गेल्या वर्षी दोन मुली अशाच वेळेवर पोचल्या. ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांनी यादीत आपले नाव घालायला लाजू नये. आणि ज्यांच्या हाताखाली माणसे कामाला आहेत, त्यांनी उशिरा आलेल्याचा पगार कापण्याआधी एवढेच विचारावे : "कसा आलास, बाबा? चालत?"