नव्या मुलखातली जुनी हाव

मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकच्या किनाऱ्यावर चर्नसाइड कुटुंबाचं 1857 सालचं घर अजून उभं आहे. बांधकाम काळ्या बेसाल्टचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या दगडाचं. आसपासच्या नव्या वसाहतींमध्ये आता मराठी कुटुंबंही स्थिरावली आहेत. आपल्याआधी इथे आलेल्यांनी या भूमीचं काय केलं, हे या कुटुंबांनीच नव्हे तर परमुलखात घर करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यायला हवं.

थॉमस चर्नसाइड 1839मध्ये स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात आला, तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. मेंढ्या आणि जमिनी यांच्या जोरावर त्याने आणि त्याचा भाऊ अँड्र्यूने रग्गड पैसा कमावला. हजारो वर्षं या भूमीवर राहणाऱ्या मूळ रहिवाशांना कुणी विचारलंही नाही. पैशापाठोपाठ मानाची भूक आली. विलायतेतल्या उमरावांसारखं राहायचं, तर जवळच्याच वेरिबीला साठ खोल्यांचा वाडा हवा, शर्यतीचे घोडे हवेत आणि कुत्र्यांचा ताफा घेऊन शिकारही हवी. अँड्र्यूच्या हॅरिकॉट या घोड्याने 1874चा मेलबर्न कप जिंकला. शिकारीत पुढे पळायला जनावर लागतं, म्हणून हरणं आणली गेली आणि 1870च्या सुमारास विलायतेतली लाल खोकडंही या परिसरात सोडली गेली.

चर्नसाइड एकटे नव्हते. 1859मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने बार्वन पार्क या आपल्या इस्टेटीवर दोन डझन ससे आणवले होते. 1861मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरियातल्या एका संस्थेचं कामच परदेशी प्राणी इथे रुजवण्याचं होतं. आपल्याकडचं सांबर त्याच काळात तिथल्या रानात गेलं. या सगळ्यांना नवा मुलूख मायदेशासारखा करून घ्यायचा होता.

तो हट्ट कुणाच्या जिवावर आला? सशांवर पोसलेलं खोकड जवळजवळ सगळ्या खंडभर पसरलं. फक्त उत्तरेचा उष्ण पट्टा आणि टास्मानिया वाचले. असा शिकारी कधी न पाहिलेले बेटाँग, बिल्बी यांसारखे छोटे पिशवीवाले प्राणी मोठ्या प्रदेशातून नाहीसे झाले. वॉर्नमबूलजवळच्या मिडल आयलंडवर ओहोटीला खोकडं चालत जात आणि पेंग्विन फस्त करत. 2005पर्यंत तिथे शेकड्यांतले दहासुद्धा पेंग्विन उरले नाहीत. 2006पासून मेंढ्या राखणारे मरेमा जातीचे कुत्रे राखणीला ठेवले, तेव्हा कुठे पेंग्विन सावरू लागले. दीडशे वर्षांपूर्वीच्या हौसेची फेड अजून संपलेली नाही.

हौसेसाठी दुसऱ्याचा जीव वापरण्याचा हाच हव्यास शतकभरानंतर अमेरिकेत तलावाच्या रूपाने दिसतो. 8 ऑगस्ट 1970 रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्हमध्ये बोटी आणि स्फोटकांच्या धाकाने ऑर्का देवमाशांचा कळप जाळ्यात कोंडला गेला. त्यात काही पिल्लं बुडून मेली. त्यांची पोटं फाडून दगड भरले आणि ती तळाशी बुडवली, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये. पकडलेलं एक पिल्लू मायामीच्या सीक्वेरियम या मत्स्यालयाला विकलं गेलं. तिचं नाव पडलं लोलिता. वीस फुटांच्या त्या देहाला मिळालेला तलाव होता 80 फूट लांब आणि जास्तीत जास्त 20 फूट खोल. तिचा जोडीदार ह्यूगो 1980मध्ये मेला. त्यानंतर आपल्या जातीचं दुसरं कुणी तिने पाहिलं नाही. 2023च्या मार्चमध्ये तिला मूळ समुद्रात परत नेण्याची योजना जाहीर झाली आणि 18 ऑगस्टला ती मेली.

मायामी ज्या फ्लोरिडात आहे, तिथे ह्यूगो मेला त्याच 1980मध्ये क्यूबाच्या मेरिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं नवं आयुष्य शोधत आली. बहुतेकांनी कष्टाने संसार उभे केले. पण 1983च्या ‘स्कारफेस’ चित्रपटाने त्याच बंदरातून आलेल्या एका गुंडाला नायक केलं आणि ‘सगळं जग माझं’ ही त्याची हाव अनेक तरुणांना स्वप्नासारखी भुलवत राहिली. नवख्या माणसाच्या महत्त्वाकांक्षेत वाईट काही नसतं. तिला सजावट म्हणून दुसऱ्याचा जीव लागतो, तिथे ती वाट चुकते. मग तो जीव माळावर सोडलेलं खोकड असो वा तलावातला देवमासा.

भारताने मे 2013मध्ये डॉल्फिनच्या खेळांसाठी नवी केंद्रं उभारण्यास मनाई केली, हा शहाणपणाचा निर्णय होता. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या सी वर्ल्डमध्ये डॉल्फिन अजून बंदिस्त आहेत आणि सुट्टीत मुलांना घेऊन तिथे जाणाऱ्यांत आपली माणसंही असतात. त्यांनी ते तिकीट काढू नये. पॉइंट कुकच्या पाणथळीवर दूर उत्तरेकडून स्थलांतरित पक्षी येतात. तिथे कुत्रं मोकळं सोडू नये, मांजर घरात ठेवावं आणि खोकडांच्या बंदोबस्ताला पाठिंबा द्यावा. नव्या मुलखात आपलं घर जरूर उभारावं, पण तिथे आधीपासून कोण राहतं हे शिकून मग.