गुरूच्या आसनावर कोण बसणार?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक जॉर्ज शर्ली यांच्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत. ऑपेराशी आपला काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. ऑपेरा म्हणजे युरोपातील राजेरजवाडे आणि धनिक यांच्या आश्रयाने वाढलेले संगीत नाटक. त्यातील संवादही बहुधा गाऊनच म्हणतात, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय, पार शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे. आमच्या वस्त्यांत ते कोणी ऐकत नाही, हे खरे. पण जी कला स्वतःला 'उच्च' म्हणवून घेते तिच्या दारातून कोणाला आत घेतले जाते, आत घेतल्यावर कोणती भूमिका दिली जाते आणि ती कला शिकवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे प्रश्न आमचेच आहेत.

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा हे अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठित ऑपेरागृह. ते १८८३ साली सुरू झाले. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते याच शहरात. त्या काळी या रंगमंचावर एकाही कृष्णवर्णीय गायकाला प्रमुख गायक म्हणून भूमिका मिळत नव्हती. जगाने डोक्यावर घेतलेल्या मॅरियन अँडरसन यांना १९३९ साली वॉशिंग्टनमधील एका सभागृहाने केवळ वर्णामुळे जागा नाकारली. तेव्हा त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून सुमारे ७५ हजारांच्या जनसमुदायापुढे गायल्या. तरीही मेट्रोपॉलिटनचे दार उघडायला १९५५ साल उजाडावे लागले. तोवर अँडरसन यांनी वयाची पन्नाशी कधीच ओलांडली होती.

त्यांना भूमिका मिळाली ती भविष्य सांगणाऱ्या चेटकिणीची. त्याच महिन्यात रॉबर्ट मॅकफेरिन हे कृष्णवर्णीय गायक त्या रंगमंचावर आले, ते युद्धात कैद झालेल्या हबशी राजाच्या भूमिकेत. दोघेही थोर गायक होते. पण व्यवस्थेने त्यांना दार उघडले ते 'यांना शोभेल' अशा भूमिकेपुरते. कामाची वाटणी जन्मावरून ठरवण्याची ही रीत आम्हाला नवी नाही.

जॉर्ज शर्ली यांचे मोल या ठिकाणी कळते. १९३४ साली इंडियानापोलिसमध्ये जन्मलेला हा मुलगा मोटारींच्या कारखान्यांच्या डेट्रॉइट शहरात वाढला. वेन स्टेट विद्यापीठातून संगीत शिक्षणाची पदवी घेऊन तो शिक्षक झाला. डेट्रॉइटच्या माध्यमिक शाळांत संगीत शिकवण्यासाठी नेमलेला तो पहिला कृष्णवर्णीय शिक्षक. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत गेल्यावर अमेरिकी लष्कराच्या गायकवृंदातील पहिला कृष्णवर्णीय गायकही तोच ठरला. ऑपेराकडे वळावे, हे तेथील सहकाऱ्यांनी त्याच्या मनात भरवले.

१९६१ साली शर्ली मेट्रोपॉलिटनची गायनस्पर्धा जिंकले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोझार्टच्या 'कोझी फान तुत्ते' या ऑपेरात फेरांडो या तरुण प्रियकराच्या भूमिकेत उभे राहिले. त्यांचा आवाज टेनर, म्हणजे पुरुषी आवाजातील वरच्या पट्टीचा. ऑपेरात नायक, प्रियकर, राजपुत्र बहुधा टेनरच असतो. मेट्रोपॉलिटनमध्ये प्रमुख भूमिका गाणारे ते पहिले कृष्णवर्णीय टेनर. काळ्या पुरुषाने गोऱ्या नायिकेचा हात हातात घेऊन प्रेमगीत गायचे, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. अशा विवाहाला अमेरिकेतील अनेक राज्यांत कायद्याने बंदी होती. ते कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७ साली. आंतरजातीय प्रेमाला कुऱ्हाडीने उत्तर देणाऱ्या समाजात राहणाऱ्या आम्हाला त्या रंगमंचावरील हातात हात किती महाग होता, हे वेगळे सांगायला नको.

शर्ली त्या ऑपेरागृहात अकरा हंगाम गायले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्येही त्यांनी नायक रंगवला. लिओन्टिन प्राइस यांच्यासोबत त्यांनी केलेल्या 'कोझी फान तुत्ते'च्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एवढ्यावर थांबले असते तरी इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते.

पण ते थांबले नाहीत. एक माणूस वर पोहोचला म्हणजे समाज वर पोहोचला असे होत नाही. शास्त्रोक्त संगीतात कृष्णवर्णीयांनी काय काम केले आहे, हे सांगणारी कार्यक्रममालिका त्यांनी न्यूयॉर्कच्या नभोवाणीवर केली. १९८० साली ते मेरीलँड विद्यापीठात आणि १९८७ साली मिशिगन विद्यापीठात गायनाचे प्राध्यापक झाले. शाळामास्तर म्हणून निघालेला माणूस जगभर गाऊन पुन्हा वर्गात आला. त्यांच्या नावाने जी गायनस्पर्धा सुरू झाली तिच्यात स्पर्धकाने कृष्णवर्णीय संगीतकारांच्या रचना गाव्या लागतात. गायक गोरा असो वा काळा, त्याने या रचना शिकल्याच पाहिजेत. २०१५ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना राष्ट्रीय कला पदक दिले.

त्या स्पर्धेचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. विल्यम ग्रँट स्टिल या कृष्णवर्णीय संगीतकाराने हैतीच्या गुलामांच्या बंडावर ऑपेरा रचला. १९४९ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराने तो रंगमंचावर आणला, तेव्हा बंडाच्या काळ्या नायकाची भूमिका पहिल्या प्रयोगात केली गोऱ्या गायकाने, अंगाला रंग फासून! आणि मेट्रोपॉलिटनने कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा प्रथम सादर केला तो २०२१ साली, म्हणजे स्थापनेनंतर १३८ वर्षांनी. गायकाला दार उघडले १९५५ साली, संगीतकाराला त्यानंतर ६६ वर्षांनी. रंगमंचावर येणे ही पहिली पायरी. शिकवायचे कोणी, गायचे काय आणि निवड करायची कोणी, या वरच्या पायऱ्या आहेत. प्रस्थापित त्या सहजासहजी सोडत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. गळा आमच्याकडे नाही काय? जलशांनी गावोगाव बाबासाहेबांचा विचार नेला. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी रचली, ती आयाबहिणींच्या ओठांवर आहेत. पण गुरूच्या घरी राहून विद्या घेण्याची परंपरा सांगणाऱ्या या देशात ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांना कोणता गुरू घरात घेणार होता? त्यामुळे आमचे गाणे 'लोकसंगीत' या कप्प्यात बसवले गेले. परीक्षक आणि प्राध्यापक मात्र दुसऱ्याच घरांतून आले.

व्यवस्थेला दोष देताना आम्ही आमच्याकडेही पाहिले पाहिजे. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर जी रक्कम उधळली जाते, तिच्यात वस्तीतील मुलामुलींचा गायनवर्ग कितीतरी महिने चालेल. बुद्धविहारात संध्याकाळी पेटी आणि तबला वाजू द्या. शिकवणाऱ्याला मानधन द्या. वामनदादांची गाणी स्वरलिपीसह छापा आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांत ती अभ्यासाला लावा म्हणून आग्रह धरा. संगीताच्या प्राध्यापकांच्या आरक्षित जागा भरल्या जातात की नाही, याचा जाब विचारा.

आमच्यातून गायक निघतीलच, ते कोणाला अडवता येणार नाहीत. पण मेट्रोपॉलिटन गाजवून आलेला जॉर्ज शर्ली वर्गात जाऊन शिकवायला बसला, ही गोष्ट आमच्या कलावंतांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या समाजाने ध्यानात ठेवावी. टाळ्या रंगमंचावर मिळतात, पिढ्या मात्र वर्गात घडतात. त्या वर्गातील गुरूच्या आसनावर आमची मुले-मुली बसतील तो दिवस आणण्याची जबाबदारी आमची आहे.