मशिदीची हद्द आधी दाखवा

एतेकाफ बहुतेक वेळा वजूखान्याजवळ मोडतो. माणूस जेवून उठतो, नळावर हात धुवायला जातो, तिथे कोणी ओळखीचा भेटतो, दोन शब्द होतात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांचा सुन्नत एतेकाफ तिथेच तुटलेला असतो आणि त्याला ते ठाऊकही नसते. घरदार, दुकान, शेत सोडून बसलेल्याची इबादत अशी अजाणता जावी, याचा दोष आम्ही त्याला देत नाही. जबाबदारी इमाम आणि मुतवल्ली यांची आहे, म्हणजे या मासिकाच्या वाचकांचीच.

शरीअतच्या दृष्टीने नमाजसाठी वक्फ केलेली जागा तेवढीच मशीद. पुसद असो, दिग्रस असो की उमरखेड, लोकांच्या मनात फाटकाच्या आतले सगळे आवार मशीदच असते. प्रत्यक्षात वजूखाना, संडास, इमाम साहेबांचा हुजरा, चपला काढायची जागा, मदरशाची खोली ही सहसा हद्दीबाहेर असतात. वरच्या मजल्यावर तरावीह होत असली, तरी जिना बाहेरून असेल तर त्या जिन्याने वर जाणे म्हणजे बाहेर पडणेच. सेहनाचे उत्तर मात्र सरसकट देता येत नाही. बांधणाऱ्यांनी तो मशिदीत धरला होता की नाही, हे मोहल्ल्यातल्या जुन्या माणसांकडून समजून घ्यावे आणि शंका उरली तर नकाशा घेऊन मुफ्ती साहेबांकडे जावे. हे काम रमजान लागण्याआधी उरकायला हवे.

हद्द किती बारकाईने पाळायची, याचा दाखला हदीसमध्ये आहे. हजरत पैगंबर (स.) एतेकाफमध्ये असताना फक्त डोके हुजऱ्याच्या बाजूला करत आणि हजरत आयेशा (रजि.) त्यांचे केस विंचरून देत. शरीर मशिदीतच राही. इमाम अबू हनीफा यांच्या मते गरजेशिवाय क्षणभर बाहेर पडले तरी एतेकाफ मोडतो. त्यांचे दोन्ही शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, अर्ध्या दिवसाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास मोडतो असे मानतात. आम्हाला पहिले मत शिकवणे योग्य वाटते. मोतकिफने सावधच राहिलेले बरे.

इस्तिंजा, वजू, फर्ज गुस्ल यांसाठी जाता येते. जेवण आणून देणारे कोणी नसेल तर त्यासाठी आणि त्या मशिदीत जुमा होत नसेल तर जुम्यासाठीही. पण फक्त दात घासायला, बिडी ओढायला किंवा खर्रा थुंकायला जाणे गरजेत बसत नाही. आपल्या भागात खर्ऱ्याची सवय किती खोल आहे हे सगळ्यांना माहीत आहे. बसण्याआधीच माणसाशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला. उन्हाळ्यातल्या आंघोळीचेही तसेच. 2018 मध्ये रमजान मे-जूनमध्ये आला होता.  उकाड्याने जीव नकोसा झाला तरी निव्वळ गारव्यासाठी बाहेर जाऊन आंघोळ करण्याची सवलत नाही. मशिदीत मोठा टब ठेवून, फरशीवर थेंब पडू न देता अंग धुता येते. ती सोय मुतवल्लींनी करावी.

सगळ्यात अवघड प्रसंग मय्यतचा. जवळचे कोणी गेले आणि माणूस जनाज्याला निघाला, तर एतेकाफ मोडतो. त्याला जाऊ द्या, गुन्हेगार ठरवू नका. एका दिवसाची कजा आहे, मगरिबपासून दुसऱ्या मगरिबपर्यंत, रोजासह. हे शांतपणे सांगितले तर माणूस ती फेडतो.

आता जे लिहितो ते कडू वाटेल. हा एतेकाफ मोहल्ल्यावर सुन्नत-ए-किफाया आहे. एक जण बसला की सगळे सुटतात, कोणीच बसले नाही तर ठपका सगळ्यांवर. त्यातून एक वाईट पळवाट निघाली आहे. विसावा रोजा येतो, कोणी तयार नसते, मग एखाद्या गरीब म्हाताऱ्याला पैसे देऊन बसवले जाते. एतेकाफची मजुरी देणे-घेणे जायज नाही, आणि असा बसवलेला माणूस मोहल्ल्याला मोकळे करत नाही. त्या गरिबाला मदत करायची तर जकात आणि सदक्याची दारे उघडी आहेत. 2020 आणि 2021 च्या रमजानमध्ये महाराष्ट्रातल्या मशिदी लोकांसाठी बंद होत्या. तेव्हा आत असलेल्या इमाम-मोअज्जिनपैकी एकाने बसणे पुरेसे होते, किफायाची सवलत अशा अडचणीसाठीच आहे. आज दारे उघडी आहेत. एकाच मोअज्जिनवर दरवर्षी भार टाकण्याचे कारण उरलेले नाही.

तरुण बसले तर त्यांच्या हातातल्या मोबाइलचे काय, असे विचारले जाते. एतेकाफमध्ये बोलणे हराम नाही, गप्प बसणे हीच इबादत समजणे उलट मकरूह आहे. पण पैगंबरांनी (स.) एतेकाफमध्ये असताना मोठ्याने कुरआन वाचणाऱ्यांनाही एकमेकांवर आवाज चढवू नका असे सांगितले होते. तिलावतीला ही मर्यादा असेल तर रील्सच्या आवाजाला जागा कुठली?

बायकांबद्दल बयानात फार कमी बोलले जाते. हनफी मसलकात त्या घरात नमाजसाठी ठरवलेल्या जागी एतेकाफ करू शकतात, आणि त्या जागेचे नियम तेच. हैज आल्यास एतेकाफ संपतो, नंतर एका दिवसाची कजा. त्यांनाही हे माहीत असले पाहिजे.

इमाम साहेबांना आणि मुतवल्लींना विनंती आहे: विसाव्या रोज्याला असरनंतर, सूर्य मावळण्याआधी, बसणाऱ्या प्रत्येकाला बरोबर घेऊन मशिदीत एक फेरी मारा. हद्द जिथे संपते तिथे जमिनीवर रंगाची पट्टी ओढा आणि कुठे, कशासाठी जाता येते हे त्याच्या तोंडून परत म्हणवून घ्या.