बाहेरून बसलेल्यांचा अभ्यासक्रम
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या लालबागेत एखाद्या मुलाने शाळा सोडली, घरीच अभ्यास केला आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली, तर तो ‘बाहेरून बसला’ असे म्हणतात. म्हणताना आवाज थोडा खाली येतो. उलट दादरच्या हिंदू कॉलनीत कुणा सुशिक्षित आईवडिलांनी आपल्या मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायला घेतले तर ते ‘होमस्कूलिंग’ होते, आणि त्याविषयी बोलताना आवाज मुळीच खाली येत नाही. वास्तविक दोघेही घरीच बसलेले! हा फरक केवळ पैशाचा असावा असे मला पूर्वी वाटत असे. गेल्या मे महिन्यापासून माझे मत थोडे बदलले आहे.

त्याला कारण माझी धाकटी बहीण. ती नववी पास झाली आहे आणि गणितात तिची मजल वर्गाच्या बरीच पुढे गेली आहे. सुट्टीत तिने कुठेतरी मालविका जोशी हिची हकीकत वाचली आणि मला शाळा नको, मी घरीच शिकते, असे जाहीर केले. आईने कणीक मळता मळता माझ्याकडे पाहिले. “तू कॉलेजात जातेस ना? मग तूच सांग तिने काय शिकायचं ते.” आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेले नाही, त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळे ठाऊक असते अशी घरच्यांची प्रामाणिक समजूत आहे. मित्रहो, खरी गोष्ट अशी की अकरावीला मी तर्कशास्त्र घेतले ते रांगेतल्या माझ्या पुढच्या मुलीने घेतले म्हणून.

आजोबांचा मात्र स्पष्ट विरोध होता. गिरणीची पाळी संपवून ते रात्रशाळेत जात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरणीबरोबर त्यांची शाळाही सुटली ती सुटलीच. “एकदा दाराबाहेर पडलं की आत कुणी घेत नाही,” एवढेच ते म्हणाले.

मालविका जोशी ही मुंबईचीच मुलगी. सातवीत असताना तिच्या आईने तिला दादरच्या शाळेतून काढले आणि घरी स्वतः अभ्यासक्रम आखून शिकवायला सुरुवात केली. मुलगी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यात रमली. आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवली, आणि २०१६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेतील एमआयटीने तिला शिष्यवृत्ती देऊन प्रवेश दिला. तिच्याकडे दहावीचे प्रमाणपत्र नव्हते आणि बारावीचेही नव्हते. आपल्या आयआयटीत मात्र बारावीशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे तो रस्ता तिला बंदच होता. वर्तमानपत्रांनी या शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ शाई खर्च केली. नियमांच्या जाचाविषयी लिहिणे सोपे असते.

माझे लक्ष गेले ते बातम्यांत एकदोन ओळींतच उरकलेल्या एका गोष्टीकडे. शाळा सोडल्यावर ही मुलगी चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये एम.एस्सी.च्या पातळीच्या वर्गांत बसत होती. त्या ऑलिंपियाडची आपल्या देशातील व्यवस्था पाहणाऱ्यांत त्याच संस्थेचे अध्यापक आहेत. त्यांनी मुलीची तयारी पाहिली, ती बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याच्या तोडीची आहे असे त्यांना आढळले, आणि त्यांनी तिला पुढच्या वर्गात बसवून घेतले. आईने शाळेतून काढण्याचे धाडस केले, त्याचे श्रेय तिला आहेच. पण आईच्या आवाक्यापलीकडचा अभ्यास सुरू झाला तेव्हा आता पुढे हे शीक असे सांगणारे कुणीतरी तिथे होते. ही हकीकत एरवी घडती ना, असे मला वाटते.

कारण ‘पुढे काय’ हा प्रश्न किती अवघड आहे ते मे महिन्यात माझ्या चांगलेच अनुभवास आले. परीक्षांची यादी करणे त्या मानाने सोपे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदाव्या वर्षी दहावी देता येते, तीही मराठी माध्यमातून. पाच विषय घ्यायचे, त्यांत भाषा हवी, आणि पास व्हायला पाच वर्षांत नऊ संधी. त्यानंतर तिथूनच बारावी. विषयांच्या जोड्यांचे बंधन जवळजवळ नाही; भौतिकशास्त्राबरोबर इतिहास घ्या, गणिताबरोबर गृहविज्ञान घ्या, कुणी शाखा विचारणार नाही. (आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून हेवा वाटेल.) या बारावीवर आयआयटीची परीक्षाही देता येते. ज्यांना परवडते ते केंब्रिजच्या परीक्षा बाहेरून देतात. तिथे एकेका विषयाची फी हजारांच्या घरात, म्हणून ते पान आम्ही उलटले.

परीक्षेच्या पलीकडचे शिकायचे तर भांडार उघडे आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट ऐकता येतात, एमआयटीनेही आपले वर्ग जगाला खुले केले आहेत. बहिणीने बाबांच्या मोबाईलवर ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’ नावाचा अभ्यासक्रम लावला. नववीच्या बीजगणितातला पहिला धडा संचांचा, तो तिला पाठ, म्हणून आरंभी उत्साह होता. दुसऱ्या व्याख्यानाला गाडी अडली. ‘जर अमुक तर तमुक’ या विधानातील ‘जर’चा भाग खोटा असेल तर संपूर्ण विधान खरे धरतात, असे फळ्यावर आले आणि व्याख्याते पुढे गेले. तिने ते व्याख्यान चार वेळा मागे घेऊन ऐकले. मग रडकुंडीला येऊन म्हणाली, “ताई, मला गणित येतच नाही बहुतेक.”

मी माळ्यावरून अकरावीची तर्कशास्त्राची वही काढली. त्यात सत्यता कोष्टक होते. तिला म्हटले, समज मी तुला सांगितले, पाऊस पडला तर मी छत्री नेईन. पाऊस पडला आणि छत्री नेली नाही, तर मी खोटी. पण पाऊस पडलाच नाही, तर छत्री नेली काय, न नेली काय, मला खोटे पाडता येईल का? ती क्षणभर थांबली आणि मग चारही ओळी तिनेच भरल्या. मी रांगेत दुसरीचे पाहून उचललेला विषय हा तिच्या जिन्याची नेमकी हरवलेली पायरी निघाला! यात माझी हुशारी काही नाही. तो निव्वळ योगायोग होता. आणि मुलीचे शिक्षण योगायोगावर सोडायचे का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

इथे कुणी म्हणेल, अण्णा भाऊ साठे कुठे शाळेत गेले होते? नारायण सुर्वे यांनी तर १९६६ च्या संग्रहाला नावच ‘माझे विद्यापीठ’ असे दिले. आपल्या स्नेहसंमेलनातील प्रत्येक भाषणात ही दोन नावे येतात, आणि आमच्या भागाला त्यांचा अभिमान आहे तो योग्यच आहे. परंतु त्यांची नावे घेऊन शाळा-कॉलेजांची जबाबदारी झटकणे मला पटत नाही. जगण्यातून भाषा मिळते, माणसे कळतात. बहुपदींचे अवयव परळ नाक्यावर उभे राहून सुचत नाहीत. तिथे एकापुढे एक पायरी लागते, आणि ती दाखवणारा लागतो. शिवाय अण्णा भाऊंचे वाचनही कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात वाढले. ते अगदीच एकटे नव्हते.

घरी शिकून नाव काढलेल्या आपल्याकडच्या जुन्या उदाहरणांतही हेच दिसते. १८७३ साली लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना शिकवणारे न्यायमूर्ती रानडे होते. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, आणि त्या आईला शिकवणारे वडील अनंतशास्त्री डोंगरे स्वतः शास्त्री होते. घरात शिकवणारा होता म्हणून घराची शाळा झाली. ज्या घरात चौथी-सातवीपलीकडे कुणी गेले नाही तिथे शाळा सोडून घरी बसायचे स्वातंत्र्य मिळाले, तरी ते खर्च कसे करायचे हे सांगणारा बाहेरूनच यावा लागणार. हा बाहेरचा माणूस एका मुलीला चेन्नईत मिळाला. लालबाग-परळच्या मुलीला तो या दादर-गिरगावच्या कॉलेजांतून का मिळू नये?

म्हणून माझ्या गुरुजनांपुढे आणि आपणा सर्वांपुढे एक साधी गोष्ट मांडते. बाहेरून बसणाऱ्या मुलांना आपल्या तासाला मागच्या बाकावर बसू द्यावे. त्यांची हजेरी नको आणि परीक्षाही नको. सकाळी सातच्या तासाला मागची तीन बाके रिकामीच असतात, हे आपणांस मी सांगायला नको. आठवड्यातून एक दिवस अर्धा तास कुणी प्राध्यापकांनी या मुलांची वही पाहून आता हे पुस्तक वाच एवढे सांगितले, तरी नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन ते शोधायला मुले समर्थ आहेत. बाहेरची मुले आली तर शिस्त बिघडेल अशी शंका काहींना येईल. शिस्त बिघडवण्याचे काम आम्ही प्रवेश घेतलेले विद्यार्थी पुरेशा निष्ठेने करत आहोत.

बहिणीचे काय झाले? जूनमध्ये आजोबा तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेले आणि ती मुकाट्याने दहावीच्या वर्गात जाऊन बसली. मुक्त विद्यालयाचे माहितीपत्रक अजून देव्हाऱ्यामागे खोचलेले आहे. माझी तर्कशास्त्राची वही तिने संपवली आहे आणि यापुढची वही कुठे मिळते असे विचारते आहे. आपल्या तर्कशास्त्राच्या तासाला शनिवारी तिला आणू का, हे सरांना विचारायचे धैर्य मला अजून झालेले नाही. हा अंक त्यांच्या हाती पडला की विचारीन.